कॅनव्हासला आयलेट लावायचं तर: कापड, धातू आणि गोव्याची खारी हवा

मे महिना सरत आला की माझ्याकडे दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. काही घराच्या सोप्याला पावसाळी पडदा शिवून घ्यायला, आणि काही गेल्या वर्षीचा पडदा काखोटीला मारून. या दुसऱ्यांनी आणलेलं गाठोडं उलगडून बघावं तर कापड धड असतं, शिवण धड असते. गेलेली असतात ती फक्त भोकं. जिथं करंगळी जेमतेम जायची तिथं मूठ जाईल एवढं भगदाड, आणि धातूची कडी कधीच गटारात वाहून गेलेली.

आमचं दुकान डिचोलीत. वडील खाणींच्या ट्रकांसाठी ताडपत्र्या शिवायचे. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि ते काम एका झटक्यात गेलं. तेव्हापासून जत्रेतल्या दुकानांची छपरं, किनाऱ्यावरच्या शॅकचे पडदे, होड्यांची आच्छादनं असं मिळेल ते शिवतो. ट्रकांच्या कामातून किनाऱ्याच्या कामात आलो तेव्हा सुरुवातीला आयलेटच्या, म्हणजे दोरी ओवायच्या भोकाला लावायच्या या धातूच्या कडीच्या, बाबतीत मी इतक्या चुका केल्या की त्यांचीच शिकवणी झाली. घरच्या घरी चार आयलेटं ठोकायची असोत की शिवणाऱ्याकडून काम करून घ्यायचं असो, दुकानात जाऊन नेमकं काय मागायचं ते तुम्हाला ठरवता यावं म्हणून हे क्रमानं लिहितोय.

फाटलेलं भोक आधी नीट बघा

जुना पडदा हाताशी असेल तर नवीन आयलेट घ्यायच्या आधी जुनं का गेलं ते बघा. आयलेटचे भाग दोनच: वरची नळीदार कडी आणि मागची चकती, म्हणजे वॉशर. नळी कापडातून आणि वॉशरमधून पार करायची आणि ठोकून तिची कड वॉशरवर वळवायची. एवढाच खेळ.

कडी आणि वॉशर एकमेकांना घट्ट धरून आहेत, पण जोडीच्या जोडी कापडातून उपटून आलीय, तर धातूचा दोष नाही. कापडाची कड दुबळी होती, भोक मोठं कापलं होतं, नाहीतर आयलेटं कमी होती. वॉशर एकीकडे आणि कडी दुसरीकडे पडली असेल तर नळीची लांबी चुकली किंवा ठोकणाऱ्याचा हात चुकला. आणि भोकाभोवतीचं कापड तांबडं होऊन बोटानं चुरडलं की पापडासारखं तुटत असेल, तर लोखंड होतं. हा तिसरा प्रकार गोव्यात सगळ्यात जास्त आणि सगळ्यात फसवा. लोखंडाचा गंज स्वतःपुरता राहत नाही. सुती कापडात तो उतरला की हवा-पाण्याच्या साथीनं धागाच कुजवत नेतो. म्हणून कडी अजून जागेवर दिसते, पण तिला धरून ठेवणारं कापड आतून संपलेलं असतं.

बहुतेक लोक दुकानात येऊन “मजबूत आयलेट दे” म्हणतात. आयलेट मोडलेलं मी आजवर क्वचितच पाहिलंय. मोडतं ते त्याच्याभोवतीचं कापड. म्हणून निवड कापडापासून सुरू करायची.

कापड मोजा, तेही कडेला

कापडाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचे किती ग्रॅम. बाहेर ऊन-पावसात राहणारं सुती कॅनव्हास ४०० च्या खालचं मी घेत नाही. पीव्हीसीचा लेप असलेलं पॉलिएस्टर ५०० ते ७०० पर्यंतचं वापरतो. पिवळी-निळी स्वस्त प्लास्टिक ताडपत्री हा वेगळा विषय. तिला महागडं आयलेट लावणं म्हणजे गवताच्या छपराला सागवानी दार.

पण आयलेटला एकेरी कापडाशी देणंघेणं नाही. ते बसणार कडेच्या दुमडीत. कापड दोनदा आत दुमडून तिहेरी झालं आणि मध्ये वेबिंगची, म्हणजे जाड विणीची, पट्टी घातली, की एकूण जाडी सहज अडीच-तीन मि.मी. होते. ती जाडी मोजून ठेवा. व्हर्निअर नसला तर दुमड चिमटीत दाबून धरा आणि शेजारी मोजपट्टी ठेवा, तेवढं पुरतं. ही जाडी कळल्याशिवाय नळीची लांबी ठरत नाही.

दुमड ५० मि.मी. रुंद ठेवा आणि आयलेटचा मध्य तिच्या मधोमध येऊ द्या. कडेला चिकटवून लावलेलं आयलेट पहिल्याच सोसाट्यात कड फाडून बाहेर येतं. वेबिंग घालणं जमत नसेल तर निदान प्रत्येक आयलेटच्या जागी त्याच कापडाचा तळव्याएवढा ठिगळ आतून शिवा. आणि चारही कोपऱ्यांना त्रिकोणी ठिगळ हवंच, त्याला पर्याय नाही.

कोरं सुती कॅनव्हास असेल तर आयलेट लावण्याआधी एकदा भिजवून वाळवा. पहिल्या पाण्यात ते आटतं. आयलेटं आधी लावून खांबांच्या मापानं बांधलं तर पहिल्या पावसात सगळा ताण भोकांवर येतो.

धातू: इथं घाई नको

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका घाऊक विक्रेत्याकडून ‘पितळी’ म्हणून पाचशे आयलेटांचा डबा आणला. लखलखीत पिवळी, भावही बरा. त्यातली मांद्र्याच्या एका शॅकच्या पडद्यांना लावली. ऑक्टोबरात पडदे चढले आणि फेब्रुवारीत मालकाचा फोन: “येऊन बघ जरा.” गेलो. पांढऱ्या कापडावर प्रत्येक भोकाखाली तांबडा ओघळ, जणू कुणी पान खाऊन पिचकाऱ्या मारल्यात. मी वाकून बघत होतो, तेवढ्यात शेजारी वाळूत जाळं विणत बसलेले एक तांडेल काका उठून आले. त्यांनी कमरेची सुरी काढून एक आयलेट खरवडलं. पिवळा पापुद्रा निघाला, खाली काळं. “हें पितूळ न्हय रे बाबा,” म्हणाले आणि परत जाळ्यापाशी जाऊन बसले. सगळे पडदे मी पदरमोड करून बदलून दिले. तेव्हापासून माझ्या चावीच्या जुडग्यात लोहचुंबकाचा तुकडा आहे.

चुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड. वर पितळेचा मुलामा असो की निकेलचा. नाही चिकटला तरी लगेच खूश होऊ नका, कारण जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक धरत नाही. म्हणून एक नमुना मागून घ्या आणि कानसेनं कड घासा. आतपर्यंत पिवळं ते पितळ. करडं निघालं तर परत द्या. स्टेनलेसला मात्र ही चाचणी लावताना सांभाळून: चांगल्या प्रतीचं स्टेनलेससुद्धा साच्यात दाबून आकार दिल्यावर किंचित चुंबक धरतं. हलकासा ओढला गेला म्हणून ते नकली ठरत नाही.

आता कुणाला काय. भरीव पितळ हे माझं नेहमीचं उत्तर. ते मऊ असल्यानं नळीची कड न फाटता छान वळते आणि त्याला तांबडा गंज येत नाही. येतो तो हिरवा कळंक. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकतं हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. खाऱ्या दमट हवेत आयलेटचं होतं ते त्याच जातीचं. समईसारखं सोलं किंवा चिंच लावून पुसलं की पुन्हा पिवळं. पुसलं नाही तरी मोसमामागून मोसम काम देतं, फक्त पांढऱ्या कापडावर हिरवट कडं उमटतं. ते डोळ्याला खुपत असेल तर पितळेवरच निकेल चढवलेलं घ्या. निकेल झिजलं तरी खाली पितळ असतं, हा त्याचा फायदा. लोखंडावर निकेल चढवलेलंही दिसायला हुबेहूब तसंच असतं, म्हणून चुंबक विसरू नका.

स्टेनलेसमध्ये दोन नंबर चालतात, ३०४ आणि ३१६. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये याशिवाय दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि मिठापुढे टिकायला तेच उपयोगी पडतं. समुद्रापासून आत, डिचोली, साखळी, फोंड्याकडे ३०४ उत्तम. मोरजी, मांद्रे, कोलवा अशा ठिकाणी, जिथं लाटांचे तुषार वाऱ्याबरोबर घरात येतात, तिथं ३०४ वर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग पडतात आणि वॉशरच्या खाली, जिथं मीठ अडकून राहतं, तिथं बारीक खड्डे पडू लागतात. तिथं ३१६ घ्या, नाहीतर सरळ पितळ. स्टेनलेसची आणखी एक अडचण म्हणजे ते कडक. हातोडीनं वळवायला जाल तर कड नीट वळत नाही. त्याला हाताचा प्रेस आणि त्याच कंपनीची डाय, म्हणजे कड वळवायचा साचा, लागते. घरगुती कामाला मी ते सुचवत नाही.

ॲल्युमिनियम हलकं, स्वस्त, गंजत नाही असं सांगून खपवतात. सावलीच्या जाळीला, चार दिवसांच्या मांडवाला चालेल. जाड कॅनव्हासला नको, कारण ते मऊ आहे आणि ताणाखाली गोलाचं लंबगोल होतं. त्यातून कुणी स्टेनलेसचा हूक अडकवला की खाऱ्या पाण्यात दोन धातूंची जुगलबंदी सुरू होते आणि मार ॲल्युमिनियम खातं: पांढरी पूड सुटते, भोक मोठं होत जातं. पितळेचं आयलेट गॅल्वनाइज्ड पाइपला घासत राहिलं तर पाइपचा जस्ताचा थर असाच जातो. म्हणून धातूला धातू भिडवू नका, मध्ये दोरी असू द्या.

दातेरी की साधं

साध्या वॉशरचं आयलेट फक्त दाबावर कापड धरतं. दातेरी वॉशरला आतून बारीक दात असतात. ठोकल्यावर ते कापडाच्या थरांत रुततात आणि ताण भोकाच्या काठावरून आजूबाजूच्या धाग्यांवर वाटला जातो. सुती कॅनव्हासला दातेरीच घ्या. जत्रेतली छपरं तर एका मोसमात गावोगाव चढतात-उतरतात, दर वेळी नवा माणूस नवीन बाजूनं ओढतो. साधं वॉशर त्यात गरागरा फिरायला लागतं आणि फिरणारं आयलेट आतून कापड कापत जातं. पीव्हीसीच्या कापडाचे धागे सुटत नाहीत, तिथं रुंद काठाचं साधं वॉशरही चालून जातं.

एक प्रकार टाळाच: जाहिरातीच्या फ्लेक्सला मशीननं खटाखट लावतात ती पातळ, स्वतःच भोक पाडणारी आयलेटं. निवडणूक संपली की तेच फ्लेक्स लाकडाच्या मोळ्यांवर, गोठ्यावर येतात आणि लोकांना वाटतं, आयलेट म्हणजे हेच. ती जाहिरात धरायला केलेली आहेत, जूनमधला वारा धरायला नाहीत.

माप दोरीवरून ठरवा

आयलेटचं माप म्हणजे आतल्या भोकाचा व्यास. पण काही दुकानदार बाहेरच्या काठाचं माप सांगतात, त्यामुळे “१२ म्हणजे आतून ना?” हे विचारूनच घ्या. दोरी भोकाच्या निम्म्या जाडीची हा माझा हिशेब, कारण बांधताना ती बहुधा दोनदा ओवावी लागते. ६ मि.मी. दोरीला १२ मि.मी. भोक. घराच्या पडद्याला आणि बहुतेक छपरांना एवढं पुरतं. मोठं भोक म्हणजे जास्त बळकट असं नाही. तेवढंच जास्त कापड कापून टाकलेलं असतं.

नळीची लांबी दुकानात कुणी सांगत नाही, तुम्हीच तपासा. मोजलेल्या जाडीचा कापडाचा तुकडा खिशात घेऊन जा. कडी त्यातून घाला, वॉशर चढवा, चिमटीत दाबा. नळी वॉशरच्या वर दीड-दोन मि.मी. दिसली पाहिजे. कमी असेल तर वळायला धातूच उरत नाही आणि वॉशर निसटतं. फार जास्त असेल तर नळी मधेच दबून वाकडी होते किंवा तिच्या पाकळ्या फाटतात.

किती लावायची

१० बाय १३ फुटांचं छप्पर धरा, म्हणजे जवळपास ३ बाय ४ मीटर, १२ चौरस मीटर. ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला तर दर चौरस मीटरवर साधारण १२ किलोचा दाब पडतो. सगळ्या छपरावर १४० किलो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणजे साडेपाचशे किलोच्या वर. चारही कडांना दीड-दीड फुटाच्या जरा वर अंतर ठेवून २८ आयलेटं लावली तर कागदावर प्रत्येकाच्या वाट्याला वीस किलो येतात. प्रत्यक्षात कधीच असं वाटून येत नाही. कोपरे कितीतरी जास्त ओढले जातात, आणि फडफडणारं कापड झटके देतं ते वेगळंच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा कौलं आणि माड पडले तिथं ताडपत्रीची काय कथा! तशी सूचना आली की उतरवून ठेवायची. कुठलंही आयलेट त्यासाठी नसतं.

म्हणून आडोशाच्या जागी दोन फुटांवर, उघड्या जागी दीड फुटावर, आणि समुद्राकडच्या बाजूला फुटाफुटावर आयलेट लावा. कोपऱ्यांवर मी आयलेटवर विसंबतच नाही. वेबिंगची पट्टी कोपऱ्याच्या दोन्ही अंगांनी हातभर शिवायची आणि टोकाला डी-रिंग. शिवलेली पट्टी जेवढं ओढ सहन करते तेवढं ठोकलेलं भोक करत नाही, आयलेट विकणाऱ्याला हे सांगायला आवडणार नाही.

वाऱ्याहून मोठा वैरी साचलेलं पाणी. एक चौरस मीटरवर एक मि.मी. पाऊस म्हणजे एक लिटर, एक किलो. छपराला मध्ये पोट आलं आणि अर्ध्या वितीपेक्षा थोडं कमी, दहा सेंटिमीटर पाणी साचलं, तर एका चौरस मीटरला शंभर किलो लटकले. जून-जुलैत आपल्याकडे रात्रीत एवढा पाऊस पडणं काही नवल नाही. उतार चांगला ठेवा, मध्ये बांबूचा कणा घाला. आयलेटची संख्या वाढवून पोट जात नाही.

ठोकताना

पहिली दोन आयलेटं टाकाऊ तुकड्यावर ठोका, त्यातही कापडाचे थर तेवढेच असू द्या.

भोक गोल पंचनंच पाडा, कात्रीनं फुली मारून नाही. पंच नळीच्या बाहेरच्या मापापेक्षा अर्धा-एक मि.मी. लहान घ्या, म्हणजे कडी ढकलून बसवावी लागते. खाली आंब्याचा ओंडका उभा ठेवा. त्याच्या कापलेल्या तोंडावर पंचची धार बोथट होत नाही आणि घाव उसळत नाही. पॉलिएस्टरच्या भोकाचे धागे सोल्डरिंगच्या गरम टोकानं हलके वितळवून घ्या. सुती कापडाला हे करू नका, जळून काळं होईल.

कड्या खालून, वॉशर वरून, दात कापडाकडे. डाय त्याच मापाची हवी. जवळपासची चालवून घेतली की कड एका बाजूला वळते आणि दुसऱ्या बाजूला उभीच राहते. खाली पक्का आधार द्या. लाकडी टेबलावर ठोकलं तर निम्मा घाव टेबल पितं. मी जुन्या रुळाचा तुकडा वापरतो. डायचा वरचा दांडा सरळ उभा धरून दोन-तीन नेमके घाव. रागानं एकच दणका दिला की कड फुलासारखी फाटते, आणि त्या पाकळ्या पुढे दोरी कापतात.

आयलेट दोन बोटांत धरून फिरवा. फिरलं तर ते काढा. काढताना कापड वाचवायचं तर पकडीनं नुसतं वॉशर वर उचकटून तुकडे करत काढावं लागतं. मग नायलॉनच्या जुन्या ओढणीचा तुकडा भोकातून आरपार ओढा. कुठं अडकला, धागा निघाला, तर तिथं कड फाटलेली आहे. माझ्याकडे आलेल्या मुलाला मी आधी हीच परीक्षा शिकवतो. हातोडी नंतर देतो.

बांधल्यावर

दोरी पॉलिएस्टरची बरी. नायलॉन भिजलं की ताणतं आणि सैल पडतं. सुती कॅनव्हास याच्या उलट, भिजलं की ओढून धरतं, म्हणून पहिल्या दमदार सरीनंतर एक फेरी मारून गाठी जराशा ढिल्या करा. समुद्राकडच्या बाजूला कापड आणि खांब यांच्यामध्ये रबरी ट्यूबचा तुकडा बांधला तर झटका तो झेलतो. मालीमच्या मासेमारी धक्क्यावर ट्रॉलरवाले १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत इंजिनावरची आच्छादनं बांधतात, त्यांच्याकडे ही युक्ती पाहिली.

ऑक्टोबरात पडदा उतरवाल तेव्हा प्रत्येक आयलेटवर गोडं पाणी ओता, वॉशरच्या खालच्या बाजूला विशेष, कारण मीठ तिथंच लपतं. दोन दिवस कडक उन्हात दोन्ही अंगांनी वाळवा आणि घडी न घालता गुंडाळून ठेवा. गुंडाळताना आयलेटांची ओळ एकाच बाजूला येऊ द्या, नाहीतर त्यांचे काठ वर्षभर मधल्या कापडावर दाबत राहतात आणि पुढच्या मे महिन्यात तिथंच गोल गोल विरलेल्या जागा दिसतात.